"माझा अविश्वास घालवून टाका": शंकेच्या दिवसांत विश्वास कसा वाढतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाप्तिस्मा घेऊन अकरा वर्षे झाली. सुरुवातीची वर्षे आनंदात गेली. गेले वर्षभर मात्र प्रार्थनेला बसले की समोर कोणी ऐकतच नाही असे वाटते. शास्त्र (बायबल) उघडले की वचनाआधी आक्षेप सुचतो. जवळच्या एका सालस माणसाचे हालहाल होऊन आलेले मरण पाहिल्यापासून 'देव चांगला आहे' असे म्हणताना जीभ अडखळते. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "शंका हे पाप आहे, सैतानाला जागा देऊ नका." त्यानंतर कोणाशीच बोलणे झालेले नाही. माझे तारण, म्हणजे देवाने दिलेली पापातून सुटका, गेले का? आणि मी संडेस्कूलमध्ये मुलांना शिकवते, ते थांबवावे का?

ताई, तीस वर्षांहून अधिक काळ मी पाळक म्हणून सेवा करतो आहे. हा प्रश्न माझ्याकडे रविवारी उपासनेनंतर फारसा कोणी आणत नाही. तो येतो दवाखान्याच्या बाकावर, दफनविधीहून परतताना, किंवा भलत्याच विषयावर तासभर बोलून झाल्यावर उठता उठता. तुम्ही तो सरळ विचारलात, याचा मला मनापासून आनंद आहे.

झोप उडवणारा भाग आधी घेतो. तारण गेले का? पेत्र पाण्यावरून चालत येशूकडे निघाला, वारा पाहून भ्याला आणि बुडू लागला, ती गोष्ट तुम्ही मुलांना अनेकदा सांगितली असेल. मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) चौदाव्या अध्यायात त्या घटनेचा क्रम पाहा. पेत्र ओरडतो, येशू तत्क्षणी हात पुढे करून त्याला धरतो, आणि मग विचारतो, "अरे अल्पविश्वासी, तू संशय का धरलास?" हात आधी येतो, प्रश्न नंतर. संशयाचा खुलासा झाल्यावर हात देईन, अशी अट तिथे नाही. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. धरणारा हात त्याचा आहे. तुमची पकड सैल झाली म्हणून त्याची सैल होत नाही. शिवाय ज्याला ख्रिस्ताचे काही वाटेनासे झाले आहे, तो 'माझे तारण गेले का' म्हणून रात्र रात्र जागत नाही.

आता त्या वडीलधाऱ्यांचे वाक्य. त्यांचा हेतू वाईट होता असे मी मानत नाही. बहुधा ते स्वतःच घाबरले असावेत. पण शंका आणि अविश्वास यांची त्यांनी गल्लत केली. मूळ ग्रीकमध्ये पेत्राला उद्देशून संशयासाठी जे क्रियापद आले आहे, ते सबंध नव्या करारात फक्त दोनदा येते. त्याचा मूळ अर्थ दोन ठिकाणी पाय ठेवून उभे राहणे असा. दुसऱ्यांदा ते येते मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात, मेलेल्यांतून उठलेला प्रभू डोंगरावर शिष्यांपुढे उभा असताना: त्यांनी त्याला नमन केले, पण कित्येकांना संशय वाटला. नमन आणि संशय एकाच वाक्यात, एकाच डोंगरावर. आणि प्रभू काय करतो? संशय वाटणाऱ्यांना बाजूला काढत नाही. 'जा, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा' ही आज्ञा तो त्या सगळ्यांनाच देतो. जगभरच्या मंडळीची सुरुवात ज्या अकरा शिष्यांपासून झाली, त्यांच्यातही संशय होता, आणि मत्तयाने ते लपवले नाही.

अविश्वास म्हणजे पाठ फिरवणे. 'तू कोणीही असलास तरी मला तू नकोस' असे म्हणणे. शंकेत तोंड अजून त्याच्याकडेच असते, पाय मात्र अडखळतात. याकोबाच्या पत्रातले समुद्राच्या लाटेसारख्या मनुष्याचे वचन शंकेखोर माणसाच्या तोंडावर फार वेळा फेकले जाते. तिथे याकोब 'द्विबुद्धीचा' म्हणतो तो ज्याची निष्ठाच दुभंगलेली आहे त्याला, देव आणि जग दोन्हीकडे हात ठेवून बसलेल्याला. त्याच्या आदल्याच वचनात लिहिले आहे की कोणाला ज्ञान उणे असेल तर त्याने देवाजवळ मागावे, देव दोष न लावता देतो. दोष न लावता! हे शब्द मी माझ्या शास्त्रात कित्येक वर्षांपूर्वी अधोरेखित केले आहेत. आणि यहूदाच्या छोट्याशा पत्रात तर स्पष्ट सूचना आहे की जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. दया करायची आहे. तुमच्या वाट्याला ती आली नाही, याबद्दल एक पाळक म्हणून मी तुमची क्षमा मागतो.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. पाळकपदाची दीक्षा घेऊन सहा वर्षे झाली असताना माझा धाकटा भाऊ गेला. आजारपण लांबलेले होते. सगळ्या मंडळीने उपवास केले, मी स्वतः त्याच्या उशाशी बसून प्रार्थना केल्या, आणि तो गेला. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी दर रविवारी उपदेश करत होतो आणि घरी आल्यावर एक वाक्यही प्रार्थना करू शकत नव्हतो. ढोंगी असल्याची लाज वाटायची. शेवटी मंडळीतल्या एका वृद्ध बहिणीला मी हे सांगून टाकले. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी मला वचन सांगितले नाही, समजूतही घातली नाही. म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुम्हाला जमत नाही तर राहू द्या. तुमची प्रार्थना आम्ही करतो. तुम्ही नुसते येऊन बसत जा." मी बसत गेलो. त्या बुधवारच्या प्रार्थनासभेत महिनोन्‌महिने मी फक्त शेवटी 'आमेन' म्हणत असे. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उकलून खाली सोडले, त्या गोष्टीत मार्क लिहितो की येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथे एक शब्दही नाही. हे वाक्य मी शेकडो वेळा वाचले होते, पण खाटेवर पडल्यावर कळले.

म्हणून तुमच्या प्रश्नात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती 'त्यानंतर कोणाशीच बोलणे झालेले नाही' या वाक्याची. शंका मनात दाबून ठेवली की ती कुजते. बोलल्यावर ती नाहीशी होते असे नाही, पण तिचा आकार दिसतो. येशूचा शिष्य थोमा याचे उदाहरण घ्या. त्याला आपण फक्त संशयी म्हणून ओळखतो, हा त्याच्यावर अन्याय आहे. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा 'आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ' म्हणणारा हाच थोमा. शेवटच्या भोजनाच्या वेळी 'आपण कोठे जाता हे आम्हांला ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार' हे सगळ्यांच्या मनातले बोलून दाखवणाराही हाच. येशू मेलेल्यांतून उठला त्या दिवशी तो बाकीच्यांबरोबर नव्हता, म्हणून त्याची भेट चुकली. पण 'जखमांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही' ही आपली अट त्याने उघड बोलून दाखवली, आणि नंतरचे आठ दिवस, विश्वास बसलेला नसतानाही, तो त्या शिष्यांमध्येच राहिला. त्यांनीही त्याला बाहेर काढले नाही. आठ दिवसांनी येशू आला तो त्या बंद दाराच्या खोलीत, सर्वांच्या देखत, आणि थोमाचेच शब्द त्याला परत ऐकवत म्हणाला, तुझे बोट इकडे कर. "माझा प्रभू व माझा देव!" ही चारी शुभवर्तमानांतली सर्वांत उंच कबुली त्या संशयी माणसाच्या तोंडून आली. ते आठ दिवस तो एकटाच कुठेतरी निघून गेला असता तर?

तेव्हा एक माणूस शोधा. ऐकून न दचकणारा, लगेच उत्तर न देणारा, आणि दुसरीकडे न बोलणारा. पाळक असेल तर उत्तम, पण तोच हवा असे नाही. 'सल्ला नको, तीन महिने दर पंधरा दिवसांनी मला ऐकून घ्याल का' असे सरळ विचारा.

दुसरी गोष्ट, सगळ्या शंका एकाच झऱ्यातून येत नाहीत. दुखते कुठे हे कळल्याशिवाय औषध देऊ नये. माझ्याकडे येणारी माणसे बहुतेक वेळा बुद्धीचा प्रश्न विचारतात, पण अर्ध्या तासाने मूळ वेगळेच निघते. कोणाला मंडळीतल्याच माणसांनी जखम केलेली असते. तिथे त्रिएकत्वाचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीचे) स्पष्टीकरण देऊन उपयोग नाही. आधी त्या अन्यायाला अन्याय म्हणावे लागते, आणि गुन्हा घडला असेल तर 'क्षमा करा' म्हणून तो झाकायचा नसतो. कोणी एखाद्या गोष्टीत देवाची आज्ञा टाळत असतो, आणि देव नसला तर बरे असे मनाला आतून वाटत असते. हे आपले आपणच प्रामाणिकपणे तपासावे. दुसऱ्यावर हा आरोप करू नये. मी तरुणपणी तो केला आहे आणि त्याने एक चांगला मुलगा दुरावला.

आणि कोणी नुसता थकलेला असतो. संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर विजयी झाला आणि दुसऱ्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला. देवाने त्याला आधी काय दिले? झोप, भाकर, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. देवदूताने त्याच्या विश्वासाची झडती घेतली नाही. मंद वाणीतून झालेली देवाची भेट त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीच्या शेवटी आहे. तुमची झोप कशी आहे? जेवण जाते का? देवाबद्दलच नव्हे तर पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत रस राहिला नसेल, आठवडेच्या आठवडे मन जड असेल, जगणेच नको वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. आजच जा. नैराश्य हा आजार आहे, आणि त्याच्यावर उपचार घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नाही. तसेच 'मी क्षमा न होणारे पाप तर केले नाही ना' हा विचार दिवसातून वीसवीस वेळा येत असेल, दर वेळी पापकबुली करूनही मिनिटभरात तो परतत असेल, तर तो तुमच्या विवेकाचा आवाज नसून चिंतेच्या विकाराचा असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा दिलासा मागितल्याने तो वाढतो. मीही अशा माणसाला एकदा नीट उत्तर देतो आणि मग मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. पहिल्यांदा सोबत जातो.

आता तुमच्या खऱ्या दुखऱ्या जागेकडे येतो. तुम्ही लिहिले आहे त्यावरून ती शास्त्रावरच्या आक्षेपांची नसून त्या मरणाची आहे असे मला वाटते.

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे ते तयार आहे त्याच्यापासून जरा दूरच बसा. ईयोबाचे पुस्तक बेचाळीस अध्यायांचे आहे. त्यात त्याच्या मित्रांचे बोलणे मोठे धार्मिक आहे. देव न्यायी आहे, तू काहीतरी केले असशील, पश्चात्ताप कर. ईयोब मात्र देवाला कोर्टात खेचण्याची भाषा करतो, जन्मदिवसाला शाप देतो. शेवटी देव बोलतो तेव्हाही 'का' याचे उत्तर देत नाही. पण मित्रांना तो सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी बोलला तसे यथार्थ तुम्ही बोलला नाही. ज्याने ओरडून विचारले, त्याचे बोलणे देवाने यथार्थ ठरवले. मला वाटते, कारण तो देवा*विषयी* बोलत राहिला नाही, देवा*शी* बोलत राहिला.

स्तोत्रसंहिता उघडा. 150 स्तोत्रांपैकी निदान एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्रात 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. त्र्याहत्तराव्यात आसाफ म्हणतो की दुष्टांची भरभराट पाहून माझे पाय घसरण्याच्या बेतात होते. आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर शेवटीही उजाडत नाही. बहुतेक विलापांच्या शेवटी स्तुतीचे एखादे वळण येते, इथे ते नाही. मूळ हिब्रूत त्या स्तोत्राचा शेवटचा शब्द 'अंधार' हाच आहे. तरी मंडळीने ते काढून टाकले नाही, कारण अशी रात्र माणसाला येते हे देवाच्या लोकांना ठाऊक होते. तुम्हाला स्वतःचे शब्द सुचत नसतील तर रोज रात्री ते मोठ्याने वाचा. देवासमोर केलेली तक्रार ही प्रार्थनाच आहे.

आणि एवढे मी ठामपणे म्हणेन, ख्रिस्ती विश्वासाचा देव दुःखाकडे लांबून पाहणारा देव नाही. लाजराला आपण उठवणार आहोत हे माहीत असूनही त्याच्या कबरेकडे जाताना "येशू रडला." वधस्तंभावर त्याने बाविसाव्या स्तोत्राचे शब्द उच्चारले, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? 'का' हा प्रश्न खुद्द देवाच्या पुत्राने विचारला आहे. माझ्या भावाच्या मरणाचे कारण मला आजही सांगता येत नाही. पण त्या खोलीत मी एकटा नव्हतो, एवढे मला हळूहळू, फार हळूहळू उमगले.

शास्त्रावरच्या आक्षेपांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांना वेळ देऊन एकेक करून भिडावे लागते. एक चूक जवळपास सगळेच करतात. कडेपासून सुरुवात करतात. नोहाचे तारू केवढे होते, वंशावळीत फरक का, अमुक राजाचे वय दोन ठिकाणी वेगळे कसे. हे प्रश्न खोटे नाहीत, पण इमारत त्यांच्यावर उभी नाही. प्रेषित पौल स्वतः पाया कोणता ते सांगतो: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे. तेव्हा चौकशी तिथून करा. पहिले करिंथकरांस पत्र इ.स. 55 च्या सुमाराचे, म्हणजे वधस्तंभानंतर पाव शतकाच्या आतबाहेरचे. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल लिहितो की मला जे मिळाले तेच मी तुम्हाला सांगितले. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, बारा जणांना, मग पाचशेंहून अधिक बंधूंना दिसला, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा आणि त्यांना विचारा. गलतीकरांस पत्रात तो सांगतो की आपण यरुशलेमेत पेत्राजवळ पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत, आणि त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. कहाणी रचायचीच असती तर कोणी अशी रचली नसती. याने गणितासारखी सिद्धता होते असे मी म्हणत नाही. पण हा विश्वास डोळे मिटून मारलेली उडी नाही, हे तुम्हाला दिसेल. आक्षेप घेणाऱ्यांचेही वाचा, मात्र पूर्ण पुस्तक वाचा आणि दिवसाच्या उजेडात वाचा. मध्यरात्री मोबाईलवर तुकडे तुकडे वाचून कोणाचेही समाधान झालेले मी पाहिले नाही. एका वहीत प्रश्न तारीख घालून लिहा. सहा महिन्यांनी परत पाहा. काही सुटलेले असतील, काही छोटे झालेले असतील, दोन-तीन तसेच राहतील. त्या दोन-तिनांसह जगता येते. मी जगतो आहे.

मग प्रार्थनेतला तो कोरडेपणा. सोळाव्या शतकातला स्पेनमधला क्रूसाचा संत योहान याने याला 'अंधारी रात्र' म्हटले, आणि ती ओळखण्याच्या खुणा दिल्या. मला त्या फार उपयोगी वाटतात. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण इतर कशातही जीव रमत नाही. आपण देवाची नीट सेवा करत नाही याची मनाला सतत टोचणी असते. आणि पूर्वीसारखे मनन, कितीही प्रयत्न केला तरी, जमत नाही. नुसता आळस असेल तर ती टोचणी नसते. योहानाचे म्हणणे असे की या काळात देव माणसाला गोड भावनांपासून सोडवून स्वतःकडे ओढत असतो. मदर तेरेसा यांची आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रे त्यांच्या मरणानंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये, प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना देवाची उपस्थिती जाणवत नव्हती. त्या सगळ्या वर्षांत त्या पहाटे उठून प्रार्थना करत होत्या आणि मरणाऱ्यांना उचलत होत्या. त्यांचा विश्वास कमी होता असे म्हणायची माझी छाती नाही.

येशूसंघाचा संस्थापक इग्नाती लोयोला याने असल्या काळासाठी एक नियम सांगितला आहे, तो मी प्रत्येकाला सांगतो. मन उजाड असताना पूर्वी उजेडात घेतलेला निर्णय बदलू नका. मंडळी सोडणे, विश्वास सोडल्याचे जाहीर करणे, सगळी सेवा टाकणे, हे आज ठरवू नका. पुढे विचार करायचा तर करा, पण आज नको.

वाढीचे काय, हे तुम्ही विचारले नाही, पण मला सांगितलेच पाहिजे. आपल्याला वाटते की शंका फिटली की मग विश्वास वाढेल. माझा अनुभव उलटा आहे. योहानाच्या सातव्या अध्यायात येशू म्हणतो, जो कोणी देवाच्या इच्छेप्रमाणे करायची मनीषा बाळगेल त्याला ही शिकवण देवाची आहे की नाही हे समजेल. करायची तयारी आधी, समजणे मागाहून. म्हणून जेवढे आज खरे वाटते तेवढ्याचे आज्ञापालन करा. 'शेजाऱ्यावर प्रीती करा' हे तर शंकेतही खरे वाटते ना? मग एका आजाऱ्याला भेटा. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याला फोन करा. प्रभूची प्रार्थना सकाळी एकदा सावकाश म्हणा, एवढीच. भावना येवो न येवो, रोज पाच स्तोत्रे वाचलीत तर महिन्यात सगळी होतात. तेही जड वाटले तर एक वाचा. मार्काचे शुभवर्तमान फक्त सोळा अध्यायांचे आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत ते पूर्ण वाचा, धडा शोधू नका, फक्त येशूकडे पाहत राहा. आणि प्रभुभोजन, म्हणजे मंडळीत भाकर मोडून घेण्याचा विधी, चुकवू नका. 'माझी लायकी नाही' म्हणून दूर बसणारे पुष्कळ असतात. पण ती भाकर बलवानांचे बक्षीस म्हणून दिलेली नाही. येशूच्या मरणानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर असलेल्या त्या दोघा शिष्यांची आशा मावळली होती, येशू बरोबर चालत होता तरी त्यांना ओळखू आला नाही. ओळखला तो भाकर मोडताना.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढी तल्लख बाई, प्रश्न न विचारता काहीही स्वीकारणारी नव्हे. त्रिएकत्वापासून मंडळीच्या अधिकारापर्यंत कित्येक गोष्टींवर आपल्याच आध्यात्मिक गुरूंशी त्यांचे वाद झाले, आणि ते पत्रांत उरले आहेत. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मला उमगले, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. त्या आठ वर्षांत त्यांनी विचारायचे थांबवले नाही आणि वाटही सोडली नाही. त्याच रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध शास्त्र मराठीत आणायचे काम केले, आणि 1922 मध्ये जाईपर्यंत त्या त्यातच गुंतलेल्या होत्या.

येशूने देवाच्या राज्याची एक लहानशी गोष्ट सांगितली, ती फक्त मार्कातच आहे. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि बी रुजते व वाढते, कसे ते त्याला कळत नाही. तुमच्या बाबतीत गेले वर्षभर काय रुजते आहे हे तुम्हाला दिसत नाही. मलाही दिसत नाही. पण ज्या बाईला पूर्वी तयार उत्तरे पुरत होती, तिला आज दुसऱ्याच्या मरणाने झोप लागत नाही आणि ती देवाला जाब विचारते आहे. याला मी उतार म्हणणार नाही.

शेवटी संडेस्कूल. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना 1738 मध्ये हाच पेच पडला होता. माझ्याकडे विश्वासच नाही तर मी उपदेश कसा करू, थांबवतो. त्यांचा मित्र पीटर बोलर याने सांगितले की थांबू नकोस, विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचा उपदेश कर, आणि मग मिळाला म्हणून कर. काही आठवड्यांनी, 24 मे च्या संध्याकाळी, वेस्लींचे हृदय 'विलक्षण ऊबदार' झाले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. तुम्हाला असा दिवस ठरावीक आठवड्यांत येईल असे वचन मी देऊ शकत नाही. पण शिकवणे सोडू नका. आधी संडेस्कूलच्या प्रमुखांना किंवा पाळकांना खरी परिस्थिती सांगा, म्हणजे लपवण्याचे ओझे राहणार नाही. थकवा असेल तर एक-दोन महिने दुसऱ्या शिक्षिकेबरोबर वर्ग वाटून घ्या. जे तुम्हाला स्वतःला आज म्हणता येत नाही ते मुलांपुढे जोर लावून म्हणू नका. गोष्ट सांगा. एखाद्या मुलाने अवघड प्रश्न विचारला तर 'मलाही हा प्रश्न पडतो, आपण दोघे मिळून शोधू' असे म्हणायला घाबरू नका. ते मूल वीस वर्षांनी तुमच्यासारख्याच रात्रीतून जाईल तेव्हा त्याला हे आठवेल.

येत्या रविवारी मार्काचा नववा अध्याय घ्या. तो बाप, त्याचा आजारी मुलगा, हरलेले शिष्य. बाप ओरडतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." येशू त्याला 'आधी नीट ठरव' असे सांगत नाही. तो त्या मुलाचा हात धरून त्याला उठवतो.